वहिनीची गोळी कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका

पत्र: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझी वहिनी २४ वर्षांची. एप्रिलच्या शेवटी तिचं सिझर झालं, मणक्यात भुलीचं इंजेक्शन देऊन. हिमोग्लोबिन ७.८ होतं. घरी आल्यावर आईनं रीतीप्रमाणं शेक-शेगडी केली. पाणी उकळून दिलं, पण मोजून. जास्त प्यायलं तर पोट सुटतं, टाके पिकतात म्हणून. दहाव्या दिवशी डोकं दुखायला लागलं. दवाखान्यात म्हणाले, भुलीच्या इंजेक्शनचं दुखणं आहे. साधा सीटी स्कॅनही नॉर्मल आला. गावात कुणी 'बाहेरचं' म्हणालं. तेराव्या दिवशी उजवा हात उडायला लागला आणि मग मोठी फिट आली. नागपूरला एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी आणि बाजूला थोडा रक्तस्राव निघाला. नऊ दिवस भरती होती, पोटावर इंजेक्शनं दिली. आता वॉरफरिन ही रक्त पातळ करायची गोळी आणि फिटची गोळी चालू आहे. उजव्या हाताची पकड कच्ची आहे, डोकं जड राहतं. मागच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, १.६ आला. आई म्हणते, गोळी दुधातून बाळाला जाईल, बंद करा. भाऊ विचारतो, रक्तस्राव असताना रक्त पातळ करायचं औषध दिलंच कसं, आणि ही पूर्ण बरी होईल का? पुढचं बाळ होऊ द्यावं का? आणि माझं असं, की मी २१ वर्षांची आहे, महालक्ष्म्यांच्या वेळी दरवर्षी पाळी पुढं ढकलायची गोळी घेते. मलाही असं होईल का?

ताई,

आधी तातडीचं बोलू. १.६ आयएनआर म्हणजे गोळी अजून पुरेशी लागू पडलेली नाही. वहिनीसाठी हा आकडा २ ते ३ च्या मध्ये हवा. २ च्या खाली गुठळी वाढू शकते, ३ च्या बराच वर गेला तर रक्तस्रावाची भीती. त्या रिपोर्टचा फोटो आजच नागपूरच्या डॉक्टरांना पाठवा, डोस विचारून घ्या आणि ते सांगतील त्या दिवशी, बहुधा आठवड्याच्या आतच, पुन्हा तपासा. स्वतःच्या मनानं एकाच्या दोन गोळ्या करू नका. वॉरफरिनचा डोस बदलला की त्याचा पूर्ण परिणाम आयएनआरवर दिसायला चार-पाच दिवस लागतात; धीर सुटला की लोक आणखी वाढवतात आणि मग आकडा एकदम वर जातो.

आईंची काळजी बरोबर जागी आहे, माहिती मात्र चुकीची आहे. वॉरफरिन आईच्या दुधात जवळजवळ उतरत नाही. बाळाला पाजायला काही हरकत नाही, आणि असेनोकौमारॉल नावाच्या तशाच गोळीचंही तेच. दाबिगॅट्रान, रिव्हारॉक्साबान यांसारख्या नव्या गोळ्या मात्र अंगावर पाजणाऱ्या आईला देत नाहीत. त्यांना आयएनआर तपासावा लागत नाही म्हणून कुणी 'ती दुसरी सोपी गोळी घ्या' असं सुचवलं, तरी दूध चालू आहे तोवर नको. फिटची गोळी थोडी दुधात उतरते. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपाळू झालं, पिताना दमायला लागलं किंवा वजन वाढेना, तर डॉक्टरांना सांगायचं. गोळी बंद करायची नाही.

तुमच्या भावाचा प्रश्न घरोघरी पडतो. लकव्यात बहुतेक वेळा मेंदूकडे रक्त नेणारी धमनी बंद होते. वहिनीच्या बाबतीत मेंदूतून रक्त परत नेणारी शीर बंद झाली. वावराच्या नालीच्या तोंडाशी काडीकचरा अडकला की पाणी मागं पिकात तुंबतं, तसं रक्त मेंदूत मागं तुंबलं, दाब वाढला, सूज आली आणि बारीक वाहिन्यांतून रक्त झिरपलं. म्हणजे तो रक्तस्राव गुठळीमुळं झाला. गुठळी वाढत राहिली तर दाबही वाढतो आणि झिरपणंही. म्हणून अशा रुग्णाला रक्तस्राव दिसत असतानाही हेपारिन हे रक्त पातळ करायचं इंजेक्शन देतात, आणि जगभर हाच उपचार मान्य आहे. पोटावर दिलेली इंजेक्शनं बहुधा एनॉक्सापारिनची, म्हणजे हेपारिनच्याच एका प्रकारची असतील. सर्वसाधारण डोस वजनाच्या दर किलोला १ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. वॉरफरिनचा परिणाम सुरू व्हायला काही दिवस लागतात, म्हणून किमान पाच दिवस आणि आयएनआर २ च्या वर स्थिर होईपर्यंत दोन्ही सोबत चालवतात. औषध असलेली गुठळी विरघळवत नाही. ते तिला वाढू देत नाही, आणि शरीर हळूहळू ती साफ करतं. बहुतेकांची शीर पहिल्या काही महिन्यांत थोडीफार किंवा पूर्ण मोकळी होते.

आता 'कशामुळं झालं'. बाहेरचं नाही, वारं लागलं नाही, डोक्यावरून न्हायली म्हणूनही नाही. आणि एकट्या आईंच्या शेगडीमुळंही नाही, हे त्यांना नीट सांगा. नाहीतर घरात वर्षभर टोमणे चालतील आणि वहिनीची गोळी बाजूला राहील. या आजारात सहसा एक कारण नसतं, दोन-तीन एकावर एक चढतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या २१ देशांतल्या ६२४ रुग्णांच्या पाहणीत शंभरातल्या साधारण ४४ जणांमध्ये एकाहून जास्त कारणं सापडली होती.

वहिनीचं गणित मांडून बघा. गरोदरपणात रक्त आपोआप जास्त गोठणारं होतं, बाळंतपणात जीव जाऊ नये म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. प्रसूतीनंतरही ते सहा आठवडे तसंच राहतं, आणि पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात धोक्याचे. त्यावर सिझरची शस्त्रक्रिया. त्यावर ७.८ हिमोग्लोबिन, लोह कमी असलेल्या अंगात गुठळीची शक्यता वाढते, हे गावात फारसं कुणाला माहीत नसतं. आणि त्यावर मे महिना, पारा ४४-४५, बंद खोलीत शेगडी, दूध पाजणारी बाई आणि मोजून दिलेलं पाणी. पहिल्या दोन गोष्टी तुमच्या हातात नव्हत्या, शेवटच्या दोन होत्या. पाण्यानं टाके पिकत नाहीत, पोटही सुटत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात अंगावर पाजणाऱ्या बाईला दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी लागतं. ताक, वरणाचं पाणी, खीर, सगळं त्यात धरा. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. शेक द्यायचाच तर हिवाळ्यात, दार-खिडकी उघडी ठेवून. नवतपात शेगडी पेटवण्याला काही अर्थ नाही.

दोन कारणं अजून तपासलेली नसतील. पहिलं सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडं ते जास्त आहे, पण यवतमाळही त्यातून सुटलेलं नाही. सिकलसेलच्या रुग्णाला गुठळ्यांचा धोका बराच जास्त असतो, नुसत्या वाहकालाही थोडा असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातल्या थेंबावर सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी करून रुग्ण की वाहक ते ठरतं. भरती असताना वहिनीला रक्त चढवलं असेल तर तीन महिने थांबून तपासा, नाहीतर दुसऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट हाती येईल. दुसरं बी-१२ आणि फोलिक ॲसिड. ते कमी असलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचा घटक वाढतो आणि तोही गुठळीला मदत करतो. शाकाहारी घरात, दूध-दही बेताचं असेल तिथं, ही कमतरता नेहमी सापडते.

प्रोटीन सी, प्रोटीन एस (रक्त जास्त गोठू न देणारी प्रथिनं) वगैरेच्या महागड्या तपासण्या आत्ता कुणी करायला सांगितल्या, तर नागपूरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे घालवू नका. बाळंतपणाच्या आसपास प्रोटीन एस तसंही कमी असतं, आणि वॉरफरिनवर ही दोन्ही कमी दिसतात. म्हणजे आजार नसताना जन्मभराचा शिक्का बसायचा. ॲन्टिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीची, म्हणजे गुठळ्या व्हायला लावणाऱ्या रक्तातल्या घटकाची तपासणी मात्र महत्त्वाची. पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी पुन्हा करून पक्कं करतात, आणि पक्कं झालं तर औषध बहुधा कायमचं राहतं.

पहिल्या दवाखान्यात निदान का हुकलं तेही सांगतो, कारण गावात आणखी बाळंतिणी आहेत. मणक्यातल्या भुलीनंतरची डोकेदुखी साधारण पहिल्या पाच दिवसांत सुरू होते, उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की उतरते. गुठळीची डोकेदुखी दिवसागणिक चढत जाते, आडवं झाल्यावर, खोकताना, कुंथताना, पहाटे जास्त होते. सोबत उलट्या, धूसर किंवा दोन-दोन दिसणं. दहाव्या दिवशी नव्यानं सुरू झालेलं दुखणं भुलीवर ढकलायचं नसतं. बाळंतिणीचं डोकं दुखलं की पहिल्यांदा बीपी मोजायचं, कारण बीपी वाढून येणारे झटकेही प्रसूतीनंतर सहा आठवड्यांपर्यंत येऊ शकतात. बीपी ठीक आणि दुखणं चढतंच असेल, तर शिरांचा फोटो मागायचा: एमआर व्हेनोग्राफी किंवा सीटी व्हेनोग्राफी. साध्या सीटीत ही गुठळी बऱ्याचदा दिसत नाही. 'स्कॅन नॉर्मल आहे' हे वाक्य या आजारात फार फसवं आहे.

पूर्ण बरी होईल का? आकडे आशेचे आहेत. त्या ६२४ रुग्णांपैकी शंभरातले जवळपास ७९ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले, सुमारे ८ दगावले. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या ४२८ रुग्णांच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या, तिथंही मृत्यूचं प्रमाण शंभरात ८ च्या आतच होतं. वय ३७ च्या वर, पुरुष, बेशुद्धी, मेंदूच्या खोल शिरांत गुठळी, मेंदूतला जंतुसंसर्ग, कॅन्सर, पहिल्याच स्कॅनमध्ये रक्तस्राव, या गोष्टी निकाल बिघडवतात. वहिनीकडं यातला फक्त रक्तस्राव आहे. वय तिच्या बाजूनं आहे आणि कारण बाळंतपणाचं, म्हणजे निघून जाणारं आहे. हाताची पकड बहुधा बरीच सुधारेल, पण व्यायामाशिवाय नाही: ओल्या कणकेचा गोळा दाबणं, शेंगा सोलणं, गुंड्या लावणं, दिवसातून चार वेळा दहा-दहा मिनिटं, उजव्याच हातानं. डोकं जड राहणं, लवकर थकणं, विसरायला होणं, उदास वाटणं हे कित्येक महिने टिकतं, हात सुधारल्यावरही. तिला आळशी म्हणू नका. रडूच येत राहिलं, बाळाकडं बघावंसंही वाटेना, तर तेही डॉक्टरांना सांगण्याचं दुखणं आहे.

डोळे मात्र विसरू नका. आतला दाब वाढलेला राहिला तर नजरेची शीर सुजते आणि नजर गुपचूप कमी होते. डोळ्यात थेंब टाकून मागचा पडदा एकदा तपासून घ्या. आधीच झाला असेल तर पुन्हा कधी ते विचारा.

आता गोळीची शिस्त, कारण यापुढचं बरंचसं त्यावर आहे. कारण तात्पुरतं असेल तर वॉरफरिन साधारण ३ ते ६ महिने चालते, कारण सापडलं नाही तर ६ ते १२. दीड-दोन महिन्यांत माणूस हिंडू-फिरू लागतो, पेरणी येते, नागपूरला जायला कुणी मोकळं नसतं आणि गोळी सुटते. आम्हाला यातलं सगळ्यात मोठं भय याचंच वाटतं. दरवेळी नागपूर लागत नाही: पीटी-आयएनआर तालुक्याच्या लॅबमध्ये करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि रिपोर्ट फोनवर पाठवा. आकडा बसेपर्यंत आठवड्याला, बसल्यावर महिन्याला.

गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी. चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या; दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या, दोन एकदम नको. पाकिटावर नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही वाचा. वॉरफरिन १, २, ३, ५ मिलिग्रॅममध्ये मिळते आणि मेडिकलवाला '५ नाही, २ ची देतो' म्हणतो तिथं घोळ होतो. वॉरफरिनऐवजी असेनोकौमारॉल दिली तर घेऊच नका; एकाचे मिलिग्रॅम दुसऱ्याला लागू होत नाहीत.

पालेभाजी बंद करायची नाही. मेथी, पालक, चवळी, तरोटा यांतलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं, म्हणून प्रमाण दर आठवड्याला सारखं ठेवा. पावसाळ्यात रानभाज्या निघाल्या की आठवडाभर रोज पालाच, असं झालं तर आयएनआर उतरतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन बंद. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही बेतानं. गावातल्या डॉक्टरला 'मी रक्त पातळ करायच्या गोळीवर आहे' असं आधी सांगायचं. कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, कारण स्नायूत रक्त साचतं. जुलाबाला मेट्रोनिडाझोल, लघवीच्या जळजळीला को-ट्रायमोक्साझोल, बुरशीला फ्लुकोनाझोल दिली की आयएनआर उसळतो, क्षयाच्या रिफाम्पिसिननं कोसळतो. काढे, भस्मं, जडीबुटी नकोच.

लोहाची गोळी सोबत चालते. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची, आशाताईंकडं मिळते. चहासोबत नको. हिमोग्लोबिन महिन्यानं तपासा. चढत नसेल तर शिरेतून लोह देता येतं.

फिट पुन्हा आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाणी पाजू नका, घड्याळ बघा. वॉरफरिन चालू असताना आलेली कुठलीही फिट दवाखान्यात दाखवायचीच. पाच मिनिटांवर गेली, लागोपाठ आली किंवा शुद्ध आली नाही तर लगेच १०८. तसंच अचानक भयंकर डोकं दुखणं, बोलणं अडखळणं, काळी शौच, न थांबणारं नाकातलं रक्त, डोक्याला मार, पोटरी एकीकडं सुजणं, दम लागणं, यांपैकी काहीही झालं तर वाट बघायची नाही. फिटची गोळी बंद होईपर्यंत वहिनीनं विहिरीवर एकटीनं जायचं नाही, चुलीपाशी कुणीतरी असावं, बाळाला आंघोळ दुसऱ्यानं घालावी आणि पाजताना तिनं खाली, भिंतीला टेकून बसावं.

पुढचं बाळ होऊ शकतं. आधीच्या गुठळीमुळं गरोदरपणावर बंदी नाही. मेंदूत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण नंतरच्या गरोदरपणात साधारण शंभरात एक आहे. पण दोनेक वर्षं थांबा, आणि दिवस राहण्याआधी डॉक्टरांना भेटा. वॉरफरिन गर्भाला इजा करते, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, म्हणून त्यावर असताना पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासणी. पुढच्या गरोदरपणात रोज पोटावर हेपारिनचं इंजेक्शन घ्यावं लागेल, प्रसूतीनंतर किमान सहा आठवड्यांपर्यंत. ते घरी घ्यायला शिकता येतं. दिवस राहू नयेत म्हणून माला-एन, माला-डी किंवा इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेली कुठलीही गोळी मात्र वहिनीला कधीच नको. अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळीही नागपूरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तांबी चालते, पण वॉरफरिनवर पाळीचा स्राव वाढतो आणि रक्त आधीच कमी आहे; म्हणून सध्या निरोध, तांबीचं नंतर बघा. कुटुंब पूर्ण झालं की भावाची नसबंदी सगळ्यात सोपी. पण नसबंदीला बायांपेक्षा पुरुष कमी तयार होतात, म्हणून आत्तापासून कानावर घालून ठेवा.

त्याच भावाला आणखी एक सांगा. हैदराबादच्या नोंदींत निम्म्याहून जास्त रुग्ण पुरुष होते, आणि कारणांत रक्तक्षय, होमोसिस्टीन यांच्या पाठोपाठ दारू होती. दिवसभर उन्हात वावरात, पाणी बेताचं आणि रात्री मोहाची, हा मेळ चांगला नाही. घरात कुणाचा कान वर्षानुवर्षं वाहत असेल तर तोही दाखवा. त्या पुवामुळं कानामागच्या शिरेत गुठळी होऊ शकते.

आता तुमचं. वहिनीशी तुमचं रक्ताचं नातं नाही, तेव्हा तिच्या आजारामुळं तुमचा धोका वाढत नाही. वहिनीच्या सख्ख्या बहिणींनी मात्र कुठलीही हार्मोनची गोळी घेताना ही गोष्ट सांगावी. पाळी ढकलायची गोळी म्हणजे नोरेथिस्टेरॉन, ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. तिच्यात इस्ट्रोजेन नाही असं समजतात, पण शरीरात तिचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि १० ते २० मिलिग्रॅमच्या डोसात तो माला-एनमधल्या ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास जातो. तंदुरुस्त मुलीनं वर्षातून एकदा चार-पाच दिवस घेतली तर धोका फार कमी. पण अर्धशिशीत डोळ्यांपुढं चमकतं, सिकलसेल आहे, आई-बहिणीला गुठळी झालेली आहे, वजन खूप आहे, किंवा हिमोग्लोबिन कमी आहे, यांतलं काही असेल तर मेडिकलवरून परस्पर घेऊ नका. डॉक्टरांना विचारा; पाळी ढकलायला दुसरी औषधंही आहेत. घेतलीच तर त्या दिवसांत पाणी भरपूर प्या, उपासात कोरडं राहू नका, आणि डोकं असं दुखलं की जे आडवं झाल्यावर वाढतं, तर गोळी तिथंच थांबवून दवाखाना गाठा. सिकलसेल आणि हिमोग्लोबिन, या दोन तपासण्या महालक्ष्म्यांच्या आधी करून घ्या. आरोग्य केंद्रात फुकट होतात.